गुलाबाईच्या मांडीवरचं बाळ

गणपती गावाला गेले की यावल-रावेर पट्ट्यात मुलींचे दिवस सुरू होतात. फैजपूर-सावद्याकडे भाद्रपद पौर्णिमेला गुलाबाई बसते आणि आश्विनातल्या कोजागिरीपर्यंत मुक्काम करते. कुंभाराने घडवलेली, रंगवलेली मातीची जोडी: गुलाबाई, शेजारी गुलोजी आणि बाईच्या मांडीवर बाळ. काही घरं त्यांना भुलाबाई-भुलोजी म्हणतात. ही पार्वती, तो शंकर, बाळ गणेश. पण फेटा बांधलेला गुलोजी पाहिला की देवापेक्षा जावईच आठवतो.

कथा अशी सांगतात. सारीपाट रंगला, शंकर हरला आणि रुसून रानात निघून गेला. पार्वती त्याच्या मागे गेली ती भिल्लिणीच्या वेषात. तिच्या रूपाने आणि नाचगाण्याने तो भुलला, रुसवा गेला. पार्वती भिल्लीण झाल्याची गोष्ट महाराष्ट्रभर ठाऊक आहे. पण त्या पार्वतीला संसारासकट घरात बसवून महिनाभर गाणी ऐकवली ती खानदेश-वऱ्हाडाने. याचं कारण मला सातपुड्यात दिसतं. फैजपुरातून उत्तरेकडे डोंगराची रांग दिसते. पायथ्याला तडवींची गावं, वर पावरा-भिल्लांचे पाडे. इथल्या माणसाला भिल्लीण पोथीत शोधावी लागत नाही, ती बाजारात भेटते. देवीने तिचं रूप घेतलं, हे इथे सहज पटलं असणार.

पश्चिम महाराष्ट्रात मुली पाटावर हत्तीचं चित्र मांडून भोंडल्याचा फेर धरतात. सासर-माहेरची गाणी दोन्हीकडे, शेवटी खाऊ ओळखण्याची चढाओढही दोन्हीकडे. मधोमध मात्र तिकडे हत्ती आणि इकडे अख्खा संसार. हा फरक मोठा आहे. मूर्तीत बाळ आहे म्हणून गाण्यांत डोहाळे आले, बाळंतपण आलं, पाळणा आला. संध्याकाळी घरोघरी टिपऱ्या वाजवत फिरणाऱ्या मुली बाईच्या जन्माची सारी वाट गात गात ओळखीची करून घेतात.

बाहुलीतून दैवतांची ओळख ठेवणारे लोक दूरदेशीही आहेत. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधल्या झुनी लोकांचे ‘कोको’ हे पाऊस आणणारे आत्मे एका सरोवराखाली राहतात आणि ठरल्या काळी मुखवटाधारी नर्तकांच्या रूपाने गावात येतात. त्यांच्या लाकडी बाहुल्या उंच, सडसडीत; हात हलणारे, अंगावर खऱ्या कापडाचे कपडे. १८७९ मध्ये स्मिथसोनियनची मोहीम झुनी गावात पोहोचली आणि त्यांच्या कितीतरी वस्तू संग्रहालयांत गेल्या. आपल्या युद्धदेवांच्या मूर्ती झुनींनी १९७८ पासून एकेक करून परत मिळवल्या.

गुलाबाई कुणाच्या कपाटात अडकली नाही, कारण तिला अडवून ठेवायचंच नसतं. कोजागिरीचं जागरण, आटवलेलं दूध, खाऊचे डबे आणि मग पाण्यात बोळवण. पुढच्या वर्षी नवी माती, नवा रंग. तिचं जुनेपण कुंभाराच्या बोटांत आणि बायकांच्या गळ्यात राहतं. प्लास्टरची मूर्ती म्हणूनच मला मान्य नाही. ती पाण्यात विरत नाही, म्हणजे पाहुणी घरी जातच नाही.

यंदा भाद्रपद पौर्णिमेआधी कुंभाराकडे जा, मातीचीच जोडी मागा आणि मांडीवर बाळ आहे ना, ते पाहून घ्या.