चिंचोक्यांचं आरमार

टेबलावर छोटी जहाजं मांडून समुद्री लढाई खेळणं हा पोरखेळ वाटतो ना? १८९८ साली फ्रेड जेन या इंग्रज पत्रकाराने असा खेळ विकायला काढला, तेव्हा आरमारी अधिकारी तो खेळायला बसले. १९४२मध्ये तर लिव्हरपूलला कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स आणि त्याच्या हाताखालच्या तरुण मुलींनी फरशीवर खडूच्या रेघा मारून जर्मन पाणबुड्यांच्या चाली ओळखल्या. युद्धावर निघालेले कॅप्टन तिथे पडद्याच्या फटीतून फरशी पाहायचे आणि दिसेल तेवढ्यावर निर्णय घ्यायचे.

आज हा छंद मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेतल्या हौशी लोकांचा. ट्रफाल्गर, जटलंड, मिडवे यांवर नियमांची पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. मला मात्र खांदेरी खेळायची होती.

थळच्या किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटरवरचं हे बेट १६७९ साली शिवाजी महाराजांच्या माणसांनी बांधायला घेतलं. मायनाक भंडारी बेटावर, दौलतखान आरमार घेऊन पाठीशी. मुंबई जवळच, त्यामुळे इंग्रजांनी जहाजं पाठवली. ऑक्टोबरमधल्या लढाईत त्यांचं ‘डव्ह’ मराठ्यांनी पकडलं. ‘रिव्हेंज’ मात्र टिकलं आणि तिने मराठ्यांची गलबतं मागे रेटली. हा दुसरा भाग आपण सांगताना गाळतो.

मी हसनाबादचा, जालना जिल्ह्यातला. आमच्याकडे पोहायला विहीर, समुद्र सिनेमात. ओसरीवर भाच्यांना घेऊन बसलो. एकास बाराशे प्रमाण धरलं की बेट ते किनारा चार मीटर होतो, ओसरीत बरोब्बर मावतो. चिंचोका म्हणजे गलबत, अर्धी काडेपेटी म्हणजे ‘रिव्हेंज’. वाऱ्यासाठी सापशिडीचा फासा.

वारा असला की काडेपेट्या चिंचोक्यांना जवळ येऊ देत नाहीत. तोफा जास्त, त्याही दोन्ही बाजूंना. वारा पडला की शिडाचं जहाज जागीच अडकतं आणि वल्ह्यांची गलबतं पिछाडीला जातात, जिथे तोफा कमी. पण तिसऱ्या डावात धाकट्याने लढायचंच सोडून दिलं. अंधार पडला की दोन-दोन चिंचोके गुपचूप बेटाकडे सरकवायचा. बेटावर दाणागोटा पोचत राहिला, माझ्या काडेपेट्या नुसत्या पहारा देत बसल्या. खऱ्या खांदेरीतही असंच झालं. मराठ्यांच्या होड्या रात्री उथळ पाण्यातून निसटत राहिल्या, आणि १६८०च्या सुरुवातीला इंग्रजांनी वेढा सोडला. किल्ला राहिला.

‘बलाढ्य आरमार’ हे शब्द मी शाळेत घोकले होते. भरती-ओहोटी, रसद, वल्हेकऱ्यांचा थकवा यांबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

आता थ्रीडी प्रिंटर तालुक्या-तालुक्यापर्यंत येतील, धातूची महागडी मॉडेलं लागणार नाहीत. पण प्रिंटरला लांबी, रुंदी, किती वल्ही, नाळेवर किती तोफा हे सांगावं लागतं. २०२५मध्ये खांदेरीला जागतिक वारशाचा मान मिळाला, तेव्हा माझा फोन स्टेटसांनी भरून गेला होता. त्यातल्या एकातही गलबताचं माप नव्हतं. सध्या आम्ही वल्हेकऱ्यांच्या थकव्याचा नियम लिहितोय: सलग तीन चाली जोरात मारल्या की चौथीला निम्मा वेग. धाकट्याला तो मान्य नाही.