येरळा खोऱ्यातील तलाव : संरक्षण पाण्याला, धोका शिवारातून

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील मायणी, येरळवाडी व सूर्याचीवाडी हे तलाव रोहित, चक्रवाक, पट्टकादंब अशा स्थलांतरित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहेत. राज्य शासनाने २०२१ मध्ये या परिसराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. मात्र तलावांत येणारे पाणी ज्या शिवारातून वाहते, तेथील खते व औषधांवर या दर्जाने कोणतेही बंधन येत नाही.

शेतीचा बदल

खटाव तालुका पर्जन्यछायेतील. ज्वारी, बाजरी ही येथील पारंपरिक पिके. उरमोडी योजनेचे पाणी खटावकडे, तर टेंभू व ताकारीचे पाणी सांगलीतील कडेगाव, खानापूर भागाकडे वळल्यावर बागायती वाढली. उसाबरोबर रासायनिक खते आणि द्राक्षबागांबरोबर बुरशीनाशके आली.

पाण्यात काय घडते?

पिकाने न घेतलेले नत्र पाण्यात विरघळून, तर स्फुरद मातीच्या कणांना चिकटून पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यांतून तलावात उतरते. त्यावर शेवाळ माजते. रात्री शेवाळही प्राणवायू वापरते. ते कुजू लागले की जिवाणूंमुळे ही मागणी आणखी वाढते. म्हणूनच मासे बहुधा पहाटे मरतात. मत्स्यजीवनासाठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू आवश्यक मानला जातो. उन्हाळ्यात पाणी आटल्यावर ही पातळी राखणे कठीण होते. द्राक्षावरील केवडा रोगासाठी फवारल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणात मोरचूद असते. त्यातील तांबे मासे व शंख-शिंपल्यांना घातक ठरते.

गाळपेरीचा प्रश्न

पाणी ओसरल्यावर तलावाच्या बुडीत क्षेत्रातील जमीन कसली जाते. दुष्काळी भागात या गाळपेरीचा आधार मोठा असतो. परंतु तेथे टाकलेले खत पावसाळ्यात थेट पाण्याखाली जाते, आणि उथळ काठावर चरणाऱ्या पक्ष्यांची जागाही आक्रसते.

जबाबदारी कोणाची?

येरळा पुढे सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. मार्च २०२३ मध्ये सांगली परिसरात कृष्णेतील मासे मोठ्या संख्येने मेले, तेव्हा बोट कारखान्यांच्या व शहरी सांडपाण्याकडे गेले. सांडपाण्याची नळी शोधून बंद करता येते; शेकडो बांधांवरून झिरपणाऱ्या पाण्याला अशी नळी नसते. पाणथळ जागांविषयीच्या २०१७ च्या नियमांत प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडण्यास मनाई आहे. पण शेतातून झिरपणाऱ्या खताला ती लागू करणे अवघड आहे.

उपाय

माती परीक्षणानुसार खतमात्रा, ठिबकमधून विभागून खत, ओढ्याकाठी गवताचा पट्टा आणि गाळपेरीत रसायनांना फाटा हे उपाय शेतकऱ्याच्या आवाक्यातले आहेत. पहिल्या तिन्हींत वाया जाणारे खत व माती शेतातच राहते. गाळपेरीत मात्र उत्पन्न घटण्याची शक्यता असल्याने तेथे भरपाईची जोड द्यावी लागेल. तलावांचे संरक्षण प्रत्यक्षात यायचे असेल, तर पाणलोटातील शेतकऱ्यांना त्या आराखड्यात स्थान मिळणे आवश्यक आहे.