कुलूप आणि ताळा

सोनईपासून थोड्याच अंतरावर शनिशिंगणापूर आहे. तेथील घरांना दारें-कुलपें न लावण्याची परंपरा सर्वश्रुत आहे. इ. स. २०११ मध्यें यूको बँकेनें तेथें उघडलेली शाखाहि 'कुलूपरहित' म्हणूनच गाजली. परंतु बँकेच्या दाराला कुलूप नसलें, तरी हिशेबाला ताळा हा लागतोच; आणि जेथें कुलूप हरलें तेथें ताळ्यानें चोर दाखविल्याचीं उदाहरणें इतिहासांत आहेत.

इ. स. १९८६ मध्यें अमेरिकेंतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेंत संगणकाच्या हिशेबांत अवघ्या ७५ सेंटांची तफावत आढळली. दुसऱ्या कोणीं ती हसण्यावारी नेली असती. क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञानें मात्र बाहेरून येणाऱ्या तारांना मुद्रणयंत्रें जोडून पाहुण्याचा शब्दन् शब्द कागदावर उतरविला. संगणकांतील नोंद चोराला पुसतां आली असती. कागदावरची त्याला दिसतहि नव्हती. तो माग अखेर सोव्हिएत हेरखात्यास माहिती विकणाऱ्या, जर्मनींतील हॅनोव्हरच्या मार्कुस हेसपर्यंत पोंचला.

आपल्याकडील प्रसंग अधिक जिव्हारीं लागणारा आहे. पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ सालची. ऑगस्ट २०१८ मध्यें ११ व १३ या दोन तारखांना तिचे ९४ कोटींहून अधिक रुपये लुटले गेले. बनावट कार्डांनीं २८ देशांतून पैसे काढण्यांत आले. 'पैसे द्यावे काय?' ही विचारणा मूळ खातेवहीपर्यंत जाऊंच न देतां चोरांनीं बसविलेली खोटी यंत्रणा परस्पर होकार देत होती. दरवानच बनावट, मग दाराचा उपयोग काय? अशा वेळीं दिलेले पैसे व आलेली मागणी यांच्या नोंदींतील विसंवाद हाच खरा साक्षीदार.

आज साध्या कार्यालयांतहि अंतर्गत वेब सर्व्हर असतो. कोणत्या यंत्रानें, किती वाजतां, कोणतें पान मागितलें व काय उत्तर मिळालें, याची ओळ तो लिहून ठेवतो. मध्यरात्रीं एखादें यंत्र नसलेलीं पानें एकामागून एक मागूं लागलें, तर 'आंतलेंच आहे' म्हणून स्वस्थ बसूं नये. पण त्या यंत्रावर बसणाऱ्या कारकुनाला तेवढ्यावरून चोरहि ठरवूं नये. यंत्राचा पत्ता म्हणजे माणूस नव्हे. हजेरीपट पाहावा, घड्याळें जुळवावीं, दुसऱ्या यंत्राची नोंद शेजारीं ठेवावी.

जुना दुकानदार गल्ला आणि वही जुळल्यावांचून दिवा मालवीत नसे. त्याचा नोकरावर अविश्वास होता असें नाहीं. त्या जुळणीनेंच प्रामाणिक नोकर निर्दोष ठरत असे.