जुना टेम्पो घेताय? चावी हातात घेण्याआधी ही कागदपत्रे बघा

भाजी, चिकन, भंगार, फर्निचर, मंडप, कोणताही छोटा धंदा असो, थोडे पैसे जमले की पहिला विचार येतो तो स्वतःच्या टेम्पोचा. नवीन गाडी परवडत नाही, म्हणून ओळखीतून जुना छोटा हत्ती किंवा पिकअप घेतला जातो. डीलर नाही, एजंट नाही, "आपलाच माणूस आहे" एवढ्या भरवशावर व्यवहार होतो.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने असाच टेम्पो घेतला. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केली, सगळे पैसे रोख दिले, आरसी आपल्या नावावर केली नाही. आठ-नऊ महिन्यांनी फायनान्सवाले आले आणि गाडी घेऊन गेले. विकणाऱ्याने हप्ते थकवले होते आणि त्याचा फोन बंद. पोराचा धंदा बसला तो बसलाच. आरसीवर कर्जाची नोंद पहिल्या दिवसापासून होती, फक्त ती कोणी वाचली नव्हती. तेव्हा काय वाचायचे आणि कोणत्या क्रमाने, ते इथे देत आहे.

१) आरसी आणि विकणारा माणूस

आरसीवरचे नाव आणि समोरच्या माणसाचे आधार कार्ड जुळते का ते बघा. नाव दुसऱ्याचेच असेल आणि "मी त्याच्याकडून घेतली होती, नावावर करायची राहिली" असे उत्तर मिळाले, तर मूळ मालक सहीला येईपर्यंत पैसे देऊ नका. मालक वारला असेल तर वारसाने आधी मृत्यूचा दाखला आणि फॉर्म 31 देऊन गाडी स्वतःच्या नावावर करून घ्यायला हवी. वारसाने 30 दिवसांत आरटीओला कळवायचे असते आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो.

आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर जाऊन स्वतः ताडून बघा. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला नंबर दिसला तर सरळ घरी या. गाडी चोरीची म्हणून नोंदलेली आहे का, हे नॅशनल क्राइम रेकॉर्ड ब्युरोच्या संकेतस्थळावर तपासता येते.

२) कर्जाचा बोजा

आरसीवर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव असेल तर गाडीवर बोजा आहे, मग विकणारा "कर्ज फिटलंय" असे कितीही म्हणो. कर्ज फिटले असेल तर कंपनीची एनओसी आणि तिच्या सही-शिक्क्याचा फॉर्म 35 मिळतो. तो आरटीओत देऊन बोजा उतरवावा लागतो. "एनओसी नंतर आणून देतो" हे बोलणे मान्य करू नका. कर्ज बाकी असेल तर तुमची रक्कम थेट कर्जखात्यात भरून पावती घ्या, उरलेली विकणाऱ्याला द्या.

३) पासिंग, टॅक्स, परमिट, दंड

टेम्पो हे मालवाहू वाहन आहे, म्हणून मोटारसायकलपेक्षा कागद जास्त.

फिटनेस, म्हणजे आपण ज्याला पासिंग म्हणतो, आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला दोन वर्षांसाठी मिळते आणि त्यापुढे दरवर्षी करावे लागते. पासिंग संपलेली गाडी स्वस्त मिळते, पण दुरुस्ती आणि दंड धरून हिशेब करा. टॅक्स कुठपर्यंत भरला आहे, पीयूसी चालू आहे का, हेही बघा.

एकूण वजन (गाडी आणि माल मिळून) 3000 किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही. त्यापेक्षा जास्त असेल तर परमिटही तुमच्या नावावर करावे लागते. हे वजन आरसीवर लिहिलेले असते.

थकलेले ई-चलान गाडीच्या नंबरवर ऑनलाइन दिसतात. ते विकणाऱ्याकडून आधी भरून घ्या.

४) नावावर करणे

फॉर्म 29 म्हणजे गाडी विकल्याची मालकाने द्यायची सूचना. फॉर्म 30 हा ट्रान्सफरचा अर्ज, त्यावर दोघांच्या सह्या लागतात. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, फिटनेस, तुमचा पत्त्याचा पुरावा, पॅन आणि फोटो ठेवा. चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसाही मागतात. अर्ज परिवहन खात्याच्या पोर्टलवर भरता येतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे, राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचे असते. गाडी गुजरात-कर्नाटकातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी (फॉर्म 28) आधी हवी. नंतर इथला टॅक्स आणि इथला नंबर, हा खर्च वेगळा धरा.

कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नका आणि घेऊही नका. नोटरीचा कागद व्यवहाराचा पुरावा आहे, त्याने गाडी नावावर होत नाही.

५) विमा

गाडी विकली की थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे गेला असे कायदा मानतो. तरी 14 दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसीवर नाव बदलून घ्यायचे असते. नाव न बदलता तुमच्याच गाडीचे नुकसान झाले तर क्लेम अडकू शकतो. नो क्लेम बोनस विकणाऱ्याचाच राहतो, तो तुम्हाला मिळत नाही.

६) पैसे आणि पावती

शक्यतो बँकेतून द्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणे आयकर कायद्यात बसत नाही. पावतीवर गाडी नंबर, चेसिस नंबर, रक्कम, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ, दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार असू द्या. वेळ यासाठी, की त्याच दिवशी काही घडले तर गाडी कोणाच्या हातात होती ते कळावे. थोडी रक्कम नाव चढेपर्यंत राखून ठेवायची असेल तर तेही पावतीवरच लिहा.

विकणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठीही आहे

गाडी दिली, पैसे मिळाले, संपले असे समजू नका. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे की अपघाताच्या भरपाईसाठी आरसीवर ज्याचे नाव तोच मालक धरला जाईल, गाडी पुढे कितीही हातांत गेलेली असो. म्हणजे तुम्ही विकलेल्या टेम्पोने दोन वर्षांनी कोणाला धडक दिली आणि विमा नसला, तर नोटीस तुमच्या दारात येईल. फॉर्म 29 दिल्याची पोच आणि घेणाऱ्याच्या आधारची प्रत जपून ठेवा. पंधरा दिवसांनी ऑनलाइन बघा, नाव बदलले का.

ओळखीच्या माणसाकडे कागद मागायला आपल्याला लाज वाटते. भरवसा नाही का, असे तो म्हणेल ही भीती. पण देण्याघेण्याचे लिहून ठेवा, साक्षीदार ठेवा, ही शिकवण आपल्याला नवी नाही. जबान कितीही पक्की असली तरी आरटीओत ती चालत नाही. आणि कागद पक्के असले की नातीही टिकतात.