आग थांबवण्याचा निरोप

ब्रिटनमधल्या घरात खोलीतला थर्मोस्टॅट पार खाली आणला तरी बॉयलर पेटतच राहिला, की पहिला संशय बॉयलरवर जातो. आग तिथे आहे, तेव्हा दोषही तिथेच असणार, असं वाटणं साहजिक आहे. पण घर तापवण्याच्या यंत्रणांचा इतिहास पाहिला तर तपास दुसऱ्या टोकाकडून सुरू करावा लागतो. आग पेटवणं माणसाला केव्हाच जमलं होतं. खरं अवघड काम होतं ते तिला वेळेवर आवरण्याचं, आणि ते यंत्राकडे सोपवताना आवरण्याचा निर्णय जिथे होतो ती जागा आगीपासून दूर दूर सरकत गेली. म्हणून न थांबणारा बॉयलर हा अनेकदा निरोपाच्या वाटेवरचा बिघाड असतो.

या कथेची सुरुवात घरात झालीच नाही. सतराव्या शतकात कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने इंग्लंडमध्ये अंडी उबवण्याची पेटी केली. तिच्यातलं अल्कोहोल उष्णतेने फुगलं की पारा सरके आणि पाऱ्यामुळे हवेची झडप मिटे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये बोनमँ यानेही पिल्लांच्याच उबेसाठी गरम पाणी नळांतून फिरवलं आणि धातूच्या प्रसरणावर चालणारा नियंत्रक त्याला जोडला. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू युर यांनी 1830 साली दोन धातूंच्या पट्टीवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं. इथपर्यंत उष्णता ओळखणारा भाग आणि झडप हलवणारा भाग एकमेकांना लागून होते. त्यांची फारकत विजेने केली. विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर इथले प्राध्यापक वॉरन जॉन्सन यांच्या 1883 च्या यंत्रात वर्गाचं तापमान बदललं की तळघरात घंटा वाजे आणि भट्टीवरचा नोकर झडप हलवी. म्हणजे आग आवरणारा अजून माणूसच होता. दोनच वर्षांनी मिनीॲपोलिसमध्ये आल्बर्ट बुट्झ यांनी तो माणूसही वगळला. खोली गार झाली की मोटर अर्धा फेरा घेऊन साखळीने झडप उघडी आणि खोली तापली की पुढचा अर्धा फेरा घेऊन मिटवी. या रचनेत थांबण्यासाठीही वीज लागत होती. दोन फेऱ्यांच्या मध्ये तार तुटली तर झडप उघडीच राहणार, हे तिच्या घडणीतच होतं.

ब्रिटनमध्ये हे सगळं सामान्य घरात फार उशिरा पोचलं. डिसेंबर 1952 मधल्या लंडनच्या विषारी धुक्यानंतर 1956 चा स्वच्छ हवा कायदा आला, 1965 मध्ये उत्तर समुद्रात वायू सापडला आणि 1967 ते 1977 या दहा वर्षांत सुमारे 1.3 कोटी ग्राहकांची उपकरणं त्या वायूवर आणली गेली. कोळशाला फक्त हवा कमी करून उपाशी ठेवता येतं; वायूची ज्योत क्षणात विझवता येते. आता खऱ्या अर्थाने ‘बंद’ करणं शक्य झालं. पण या घरांतून रुळलेल्या एका रचनेत थर्मोस्टॅट बॉयलरशी थेट बोलत नाही. तो मोटरच्या व्हॉल्व्हला वीज देतो. व्हॉल्व्ह उघडत आला की आतला मायक्रोस्विच जुळतो, आणि मग नारिंगी वायरमधून बॉयलरला व पंपाला हुकूम जातो. थर्मोस्टॅटने वीज काढली की स्प्रिंग व्हॉल्व्ह मिटवते आणि स्विच सुटतो. बुट्झच्या यंत्रातली उणीव इथे भरून निघाली आहे, कारण वीज गेली तरी व्हॉल्व्ह मिटतो. मला ही रचना मनापासून आवडते. मात्र स्विचचे संपर्क वितळून चिकटले किंवा गिअर अडकला, तर स्प्रिंगचं काही चालत नाही. नारिंगी वायर जिवंत राहते आणि बॉयलर मिळालेला हुकूम निष्ठेने पाळत राहतो.

यावर कोणी म्हणेल, मग जुनं साधंच बरं होतं. ते मला पटत नाही. कोळशावरच्या बॉयलरची उष्णता हुकमी थांबवता येत नसल्याने, ती सतत निघून जावी म्हणून एखादा रेडिएटर कायम उघडा ठेवावा लागे. तिथे ‘बंद होत नाही’ हा बिघाड नव्हता, तो नित्यक्रम होता. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बॉयलरमध्ये स्वतःचा थर्मोस्टॅट असतोच, मग तो का थांबवत नाही? तो थांबवतो, पण त्याला फक्त पाण्याचं तापमान कळतं. पाणी ठरल्या मर्यादेला पोचलं की ज्योत विझते, निवलं की पुन्हा लागते. त्यामुळे बॉयलर धोक्यात येत नाही, घर मात्र तापतच राहतं. ज्योत विझल्यावर काही मिनिटं नुसता पंप चालू असेल तर तो बहुधा दोष नसतो; साठलेली उष्णता वाहून नेण्यासाठी अनेक बॉयलरांत तशी मुद्दाम सोय असते. तिसरा आक्षेप असा की नव्या बिनतारी थर्मोस्टॅटने हा प्रश्न मिटवला. पण त्याच्या रिसीव्हरमध्येही रिले असतो आणि त्याचेही संपर्क चिकटतात. भिंतीवरचा थर्मोस्टॅट ‘बंद’ दाखवत असतो आणि हुकूम मात्र चालूच राहतो. म्हणून जाणकार वायरमन आधी बॉयलर उघडत नाही. थर्मोस्टॅट खाली आणून आणि टायमर बंद करून तो व्हॉल्व्ह मिटल्याचा आवाज ऐकतो आणि नारिंगी वायरवर वीज उरली आहे का ते तपासतो. मागणी नसताना ती उरली असेल तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा त्याच्या आधीच्या जोडणीत. नसेल आणि तरीही ज्योत चालू असेल, तरच बॉयलरचं झाकण काढायचं, आणि ब्रिटनमध्ये ते काम नोंदणीकृत गॅस तंत्रज्ञाचं.