सारमेयविनोद

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर मोठा हौशी माणूस होता. ११२६ ते ११३८ अशी बारा वर्षे त्याने राज्य केले; परंतु लढाया मारल्याबद्दल त्याचे नाव फारसे कोणी काढीत नाही. नाव निघते ते ११२९ च्या सुमारास सिद्ध झालेल्या त्याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथाबद्दल. वीस वीस अध्यायांचे पाच भाग, आणि त्यांत राज्य मिळवावे कसे इथपासून वडे करावेत कसे इथपर्यंत सगळा संसार. फराळाचे ताट पुढे घेऊन हा अंक चाळणाऱ्यांना त्यातले पाकशास्त्र अधिक रुचेल, हे मी जाणून आहे. माझे मन मात्र रमले ते चौथ्या भागात. तिथे राजाच्या करमणुकी सांगितल्या आहेत: मल्लांच्या, कोंबड्यांच्या, लाव्यांच्या, मेंढ्यांच्या, रेड्यांच्या, आणि त्यांच्याच पंक्तीला एक अख्खा अध्याय कुत्र्यांचा. त्याचे नाव सारमेयविनोद.

सारमेय म्हणजे सरमेची संतती. ऋग्वेदातली सरमा ही इंद्राची कुत्री. पणींनी दडवलेल्या गाई हुडकीत ती थेट त्यांच्या दारात जाऊन उभी राहते. ते तिला बहीण म्हणतात, गाईंचा वाटा देऊ करतात, तरी ती बधत नाही. इतकी थोर वंशावळ असून पुढे हा प्राणी राजाच्या विनोदाच्या यादीत रेड्याशेजारी जाऊन बसला!

आम्हां मालवणकडच्या मंडळींना वाटेल, कल्याणीच्या राजाशी आपले काय देणेघेणे? तर आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या खारेपाटणला शिलाहार रट्टराजाचा १००८ सालचा ताम्रपट सापडला. त्यात आधी राष्ट्रकूटांची वंशावळ येते आणि मग शिलाहारांची स्वतःची. दक्षिण कोकणचे हे राजे आधी राष्ट्रकूटांचे मांडलिक, मग चालुक्यांचे. तेव्हा त्या दरबारांत जे कौतुकाचे होते, त्याची वार्ता घाट उतरून आमच्या बंदरांवर आली नसेल, असे मला तरी वाटत नाही.

राष्ट्रकूटांचे नाव निघालेच आहे, तर त्यांच्याच अमदानीतली एक हकीकत सांगतो. तिसरा कृष्ण गादीवर असताना, ९४९ साली तक्कोलमला चोळांशी तुंबळ युद्ध झाले. कृष्णाच्या बाजूने गंग राजा बूतुग लढला आणि चोळ युवराज राजादित्य हत्तीवरच मारला गेला. त्या लढाईत मनलेर नावाच्या एका वीराने पराक्रमाची शर्थ केली. बूतुग प्रसन्न होऊन म्हणाला, "माग, काय हवे ते माग." अशा वेळी माणूस गाव मागतो, हत्ती मागतो, मोठा हुद्दा मागतो. मनलेराने राजाचा 'काळी' नावाचा कुत्रा मागितला.

पुढे हा काळी एका दांडग्या रानडुकरावर सोडला गेला. झुंज अशी जुंपली की डुक्करही मेले आणि कुत्राही मेला. मनलेराने अतकूर गावी, चल्लेश्वराच्या देवळापुढे, काळीच्या नावाने दगड उभारला. त्यावर कुत्रा आणि डुक्कर एकमेकांना भिडलेले कोरले, जमीन तोडून दिली, आणि दगडाची पूजा केल्यावाचून पुजाऱ्याने जेवू नये असा दंडक घातला. हे अतकूर आजच्या कर्नाटकात, मंड्या जिल्ह्यात. दगड आता बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. तक्कोलमच्या युद्धाची माहिती देणारा तो एक महत्त्वाचा पुरावा असल्याने इतिहासकार त्याला फार जपतात. म्हणजे एका सम्राटाच्या विजयाची साक्ष आज एका कुत्र्याच्या समाधीवर वाचावी लागते!

रायगडावरच्या वाघ्याची आठवण वाचकांना एव्हाना झाली असेल. ते स्मारक १९३६ सालचे. समकालीन कागदपत्रांत त्या कुत्र्याचा उल्लेख मिळत नाही, आणि त्यावरून वाद झडतच असतात. मी त्यात पडत नाही. कुत्र्याच्या इमानाचा शिलालेखी दाखला हवा असेल त्याने अतकूरचा दगड पाहावा, एवढेच म्हणतो.

मनलेर आणि काळी यांची जोडी आमच्या कोकणात फार अलीकडेपर्यंत घरोघर होती. फरक इतकाच, की इथे मनलेराच्या कमरेला लंगोटी असे. भातशेतीत डुकरे घुसू लागली की गावाची पारध निघायची. हाकारे एका अंगाने, बंदुकवाले दुसऱ्या अंगाने, आणि मध्ये झाळीत शिरायला गावठी कुत्री. डुकराच्या सुळ्याने पोट फाटलेली कुत्री पुष्कळ. दगड मात्र एकीचाही नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने पारध बंद झाली. कुत्री राहिली, पण त्यांची नोकरी सुटली.

आता जरा दूर, लंडनला जाऊ. तिथे १९९० पर्यंत क्रफ्ट्स नावाचे कुत्र्यांचे जगप्रसिद्ध प्रदर्शन भरत असे. १९७८ साली ते ऑलिंपियाच्या दालनात होते. मुख्य रिंगणातल्या दोन कार्यक्रमांमध्ये वेळ रिकामा राहत होता. प्रेक्षक जांभया देऊ नयेत म्हणून काही करा, अशी कामगिरी समितीतल्या जॉन व्हार्लीवर आली. व्हार्ली घोड्यांचा जाणकार. त्याने पीटर मीनवेल या कुत्री शिकवणाऱ्या गृहस्थाला गाठले. घोड्यांच्या उड्यांसारखेच अडथळे कुत्र्यांच्या मापाने बेतले, आणि चार-चार कुत्र्यांचे दोन संघ सोडून दिले. रिकामा वेळ भरायला आणलेला हा खेळ लोकांना इतका भावला की १९८० साली तिथल्या केनेल क्लबने त्याला रीतसर मान्यता दिली. इंग्रजीत त्याला 'अ‍ॅजिलिटी' म्हणतात; आपण चपळाईची शर्यत म्हणू.

उडीच्या आडव्या काठ्या, बोगदा, उंच फळीवरचा पूल, सीसॉ, आणि ओळीने रोवलेल्या खांबांमधून नागमोडी धाव. काठी पडली की दोषगुण, अडथळ्यापाशी अडले की दोषगुण, आणि शेवटी घड्याळ. खरी गंमत मालकाची आहे. आधी त्याने एकट्याने मार्ग पायाखाली घालायचा, पाठ करायचा. मग कुत्र्याबरोबर धावायचे, पण त्याला हात लावायचा नाही, गळ्यात दोरी नाही, खाऊ दाखवायचा नाही. आवाज आणि अंगाची वळणे, एवढ्याच भांडवलावर सारा व्यवहार. सोमेश्वराच्या अध्यायात राजा बसलेला असतो आणि प्राणी झुंजतो. इथे राजालाच पळावे लागते.

हे सारे मी इतक्या आस्थेने सांगतो याचे कारण आमच्या घरची मोरी. घाटावरच्या पाहुण्यांना या नावाने न्हाणीघर आठवते. आमच्याकडे मोरी म्हणजे शार्क मासा. रापणीच्या जागेवर मासळीची वाट बघणाऱ्या टोळक्यातून ही आमच्या मागोमाग आली. तिची झेप बघून माझ्या पुतणीने सुकतीच्या वेळी ओल्या वाळूवर बांबूच्या बारा काठ्या रोवल्या, जुन्या होडीच्या फळीचा सीसॉ केला, ताडपत्रीचा बोगदा केला. पुतणीची परीक्षा आली आणि धावण्याचे काम माझ्याकडे आले. वय वर्षे एकसष्ट. शेजारी कुंपणावरून विचारीत, "काय ओ, कुत्र्याक सर्कशीत धाडतल्यात की काय?" विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली मुंबईत पहिली हिंदी सर्कस उभी केली, तेव्हा त्यांनाही असेच शेजारी असणार.

घाटावरच्या एका शहरात शनिवार-रविवार श्वानप्रदर्शन होते, आणि त्यात ही शर्यत सर्वांना खुली होती. अर्जावर एक रकाना होता: 'जात'. मी पेन उचलून थांबलो. आजूबाजूला लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, एक देखणा मुधोळ. सगळ्यांची कागदोपत्री कुळी. टेबलाशी बसलेला तरुण म्हणाला, "मिक्स लिहा, काका." मोरीत काहीही मिसळलेले नव्हते. पारधीतली ती कुत्री जितकी जुनी, तितकीच हीही. मी 'मालवणी' असे लिहिले. त्याने मान वर करून पाहिले, शिक्का मारला, आणि मला एकदम हलके वाटले.

आमची पाळी दुपारी आली. उड्या निर्दोष झाल्या. खांबांच्या ओळीत पहिला खांब डाव्या खांद्याशी ठेवून शिरावे लागते. भल्याभल्यांची चूक तिथे होते, मोरीची झाली नाही. सीसॉवर मात्र ती अडली. लोखंडाचा तो सीसॉ आमच्या फळीसारखा करकरत नव्हता, म्हणून तिला संशय आला असावा. दुसऱ्या खेपेस गेली. पाच दोषगुण, आणि माझ्या धापेमुळे वेळही जास्त. बक्षीस लॅब्राडोरला मिळाले, योग्यच मिळाले. संध्याकाळी निकालाचा कागद फळ्यावर लागला, त्यात सहावी ओळ होती: मोरी, मालवणी. त्या कागदाचा फोटो पुतणीने आजवर किती जणांना पाठवला, त्याची गणती नाही.

आमच्या वाडीत एक म्हातारे आबा आहेत. तरुणपणी पारधीत कुत्र्यांमागे धावलेले, मांडीवर डुकराच्या सुळ्याची खूण वागवणारे. सराव चाले तेव्हा ते माडाखाली बसून बघत, आणि खरे सांगायचे तर मला शिकवले त्यांनीच. "तोंडान सांगू नकात, पायान सांगा. कुत्रो पायांक बघता." इंग्रजी पुस्तकांत पानेच्या पाने खर्चून जे सांगितले आहे, ते हेच. परत आल्यावर मी त्यांना शर्यतीचे साग्रसंगीत वर्णन केले: उड्या, बोगदा, खांब, घड्याळ. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि डुकर? डुकर खंय होतो?"

मी म्हटले, "आबा, त्या खेळात डुक्कर नसतेच."

आबांनी मोरीच्या पोटावरून हात फिरवला, चांगला दोनदा फिरवला. मग म्हणाले, "मगे बरा."