एकाच रोजनिशीतून दोन इतिहास : कवयित्री ज्युडिथ राइट

१. इ. स. १९५९ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका नामवंत कवयित्रीने आजोबांच्या रोजनिशांच्या आधारे आपल्या घराण्याची कथा लिहिली. बावीस वर्षांनी, १९८१ मध्ये, तिनेच त्या कागदांकडे परत वळून दुसरे पुस्तक लिहिले. घराणे तेच, प्रदेशही तोच. बदलला होता तो कागदांना विचारलेला प्रश्न. या कवयित्रीचे नाव ज्युडिथ राइट. हा धागा त्या बदलाविषयी.

२. राइट यांचा जन्म ३१ मे १९१५ रोजी न्यू साउथ वेल्समधील आर्मिडेल गावाजवळ झाला. घराणे बड्या पशुपालकांचे. पूर्वज १८२० च्या दशकात हंटर नदीच्या खोऱ्यात आले आणि पुढच्या पिढ्या मेंढ्या व गुरांसाठी नवी कुरणे शोधीत उत्तरेकडे सरकत गेल्या. मैलोन्मैल पसरलेल्या अशा कुरणांच्या मालमत्तेला तिकडे ‘स्टेशन’ म्हणतात.

३. शिक्षण सिडनी विद्यापीठात झाले. दुसऱ्या महायुद्धात कुरणांवर माणसे कमी पडू लागली, तेव्हा वडिलांच्या मदतीसाठी त्या घरी परतल्या. १९४६ मध्ये ‘द मूव्हिंग इमेज’ हा पहिला संग्रह आला. १९४९ च्या ‘वुमन टू मॅन’मध्ये त्यांनी गर्भारपणाचा अनुभव स्त्रीच्या मुखातून मांडला, त्या काळच्या इंग्रजी काव्यात ही गोष्ट विरळाच होती.

४. पहिल्या संग्रहातील दोन कविता येथे महत्त्वाच्या आहेत. ‘बुलॉकी’ ही एका वृद्ध बैलगाडीवानाची कविता. दुसरी एका उंच कड्याविषयी. गोऱ्या वसाहतकऱ्यांनी आदिवासींना हाकलत नेऊन त्या कड्यावरून लोटले, ही हकिकत राइट यांनी वडिलांकडून ऐकली होती. पहिली कविता शाळाशाळांतून शिकवली गेली. भूमी घडवणाऱ्या पूर्वजांचा गौरव म्हणून ती वाचली जाऊ लागली.

५. १९५९ चे पुस्तक म्हणजे ‘द जनरेशन्स ऑफ मेन’. आजोबा अल्बर्ट आणि आजी मे यांची ही कथा : दुष्काळ, आजार, कर्ज आणि पतीच्या निधनानंतर कारभार समर्थपणे सांभाळणारी विधवा. आदिवासी त्यात नाहीतच असे नव्हे. अल्बर्टच्या मनाला त्यांची सावली छळते. परंतु कथेच्या केंद्रस्थानी वसाहतकऱ्यांचे कष्टच राहतात.

६. याच सुमारास राइट ‘जॅकरंडा प्रेस’ या प्रकाशनसंस्थेसाठी हस्तलिखिते तपासत. त्यांच्यापुढे कॅथ वॉकर या आदिवासी कवयित्रीच्या कविता आल्या आणि त्या छापाव्यात अशी शिफारस त्यांनी केली. १९६४ मध्ये ‘वी आर गोइंग’ प्रसिद्ध झाले. आदिवासी ऑस्ट्रेलियन व्यक्तीचा हा पहिला प्रकाशित काव्यसंग्रह. याच कवयित्री पुढे ऊजरू नूनुकल या नावाने ओळखल्या गेल्या.

७. दोघींची मैत्री जडली. एकीच्या पूर्वजांनी भूमी घेतली होती, दुसरीच्या पूर्वजांनी गमावली होती. राइट यांनी हा पेच झाकला नाही. आपल्या मैत्रिणीला उद्देशून लिहिलेल्या ‘टू ड्रीमटाइम्स’ या कवितेत त्यांनी तो सरळ मांडला. ज्यांच्याविषयी आजवर वसाहतकऱ्यांच्याच कागदांतून वाचले, त्यांच्यापैकी कुणीतरी आता स्वतः बोलत होते.

८. दुसरा धडा समुद्राने दिला. १९६२ मध्ये राइट यांनी सहकाऱ्यांसह क्वीन्सलँडची वन्यजीव संरक्षण संस्था स्थापन केली. १९६७ मध्ये ग्रेट बॅरिअर रीफमधील एलिसन रीफवरून चुनखडी काढण्यासाठी परवानगीचा अर्ज आला. हे प्रवाळ मृतच आहे, असा दावा होता. पाणबुड्यांनी तळाशी जाऊन पाहणी केली, तर तेथे जिवंत प्रवाळ आणि नानाविध मासे! अर्ज फेटाळला गेला. पुढे तेलउत्खननाविरुद्धचा लढा झाला आणि १९७५ मध्ये सागरी उद्यानाचा कायदा आला.

९. आता हा दावा जमिनीच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहा. १७८८ पासून ब्रिटिशांनी ऑस्ट्रेलियात वसाहती वसवल्या. मात्र तेथील मूळ रहिवाशांशी ब्रिटिश सरकारने कधी तह केला नाही. कायद्याच्या दृष्टीने ती भूमी जणू कोणाचीच नव्हती. प्रवाळाला आधी ‘मृत’ म्हणायचे, भूमीला आधी ‘रिकामी’ म्हणायचे; मग ताबा घेण्यात अडचण उरत नाही.

१०. १९६८ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. एच. स्टॅनर यांनी आकाशवाणीवरील व्याख्यानांत आदिवासींबाबत ऑस्ट्रेलियन इतिहासलेखनाने पाळलेल्या मौनावर बोट ठेवले. राइट यांच्यासाठी हे मौन परके नव्हते. ते त्यांच्या स्वतःच्या पुस्तकातही होते.

११. १९८१ मध्ये ‘द क्राय फॉर द डेड’ आले. आजोबांच्या कुरणांचा तोच मध्य क्वीन्सलँडचा प्रदेश, परंतु आता प्रश्न असा : येथे आधी राहणाऱ्या वाड्जा लोकांचे काय झाले? हाताशी असलेले कागद बहुतेक गोऱ्यांनीच लिहिलेले. म्हणून काय लिहिले आहे याच्या जोडीने काय लिहिलेले नाही, हेही त्यांना वाचावे लागले.

१२. अशा वाचनात शब्द फार जपून पारखावे लागतात. क्वीन्सलँडच्या ‘नेटिव्ह पोलीस’ दलाच्या अहवालांत आदिवासींना ‘पांगवले’ असा उल्लेख वारंवार येतो. प्रत्यक्षात या शब्दाआड अनेकदा गोळीबार आणि कत्तल असे. १८५७ मध्ये डॉसन नदीच्या परिसरातील हॉर्नेट बँक येथे यिमान लोकांनी ११ जणांना ठार केले. त्या मृतांची नोंद झाली. त्यानंतर महिनोन्महिने चाललेल्या सूडसत्रात बळी पडलेल्या यिमानांची ना मोजदाद, ना नावे.

१३. राइट यांनी आपल्या कवितेलाही सूट दिली नाही. ‘बुलॉकी’ भूमी बळकावणाऱ्यांचे गौरवगीत म्हणून वाचली जाते हे पाहून त्यांनी ती निवडक संग्रहांत छापण्यास परवानगी नाकारली. आपली सर्वाधिक लोकप्रिय कविता स्वतःच मागे घेणे ही साधी गोष्ट नव्हे.

१४. लेखणीपुरतेच हे थांबले नाही. १९७९ मध्ये एच. सी. कूम्ब्स यांच्या अध्यक्षतेखाली आदिवासींशी तह व्हावा यासाठी समिती स्थापन झाली. राइट तिच्या सदस्य होत्या. समिती १९८३ मध्ये विसर्जित झाली. तह झाला नाही. १९९२ मध्ये मात्र माबो खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने ‘कोणाचीही नसलेली भूमी’ ही कल्पना नाकारली आणि मूळ रहिवाशांचा भूमीवरील हक्क मान्य केला.

१५. तरुणपणापासून राइट यांची श्रवणशक्ती क्षीण होत गेली आणि अखेरीस त्या पूर्ण बहिऱ्या झाल्या. तरीही मृत्यूच्या थोडे आधी, ८५ व्या वर्षी, त्या कॅनबेरातील सलोख्याच्या पदयात्रेत सहभागी झाल्या. २५ जून २००० रोजी त्यांचे निधन झाले.

१६. १९५९ चे पुस्तक खोटे होते काय? नाही. अल्बर्ट आणि मे यांचे कष्ट खरेच होते. परंतु ज्या गवतावर त्यांची गुरे चरली, ते कोणाच्या भूमीवर उगवले होते, हे सांगितल्यावाचून ती कथा पुरी होत नव्हती. मित्रहो, जुने दप्तर उघडाल तेव्हा लिहिणारा कोण, हे पाहालच. ज्यांच्या हाती लेखणीच नव्हती, त्यांचाही माग त्याच पानांत काढून पाहा.